सहावा संगणक

पोर्टलंड, ओरेगन राज्य. तारीख २२ एप्रिल २०००, म्हणजे वसुंधरा दिन. गावाच्या मधोमध पायोनियर कोर्टहाउस स्क्वेअर नावाचा विटांचा चौक आहे. तिथल्या एका जाहीर कार्यक्रमातून ‘फ्री गीक’ ही संस्था सुरू झाली. सप्टेंबरात कायमची जागा मिळाली आणि लोक घरातले जुने संगणक आणून टाकू लागले. जानेवारी २००१ मध्ये ‘द ओरेगोनियन’ या तिथल्या दैनिकाने बातमी छापली, की इथे येऊन काम करा आणि संगणक फुकट घेऊन जा. मग इतकी माणसं आली की प्रतीक्षायादी करावी लागली.

जुने संगणक गोळा करून गरजूंना देणाऱ्या संस्था अमेरिकेत त्याआधीही होत्या. इथलं वेगळेपण देण्याच्या रीतीत होतं.

*

दोन योजना होत्या. पहिलीचं नाव ‘दत्तक’. संस्थेत चोवीस तास काम करायचं, पडेल ते: आलेला माल उतरवणं, कीबोर्ड पुसणं, केबली गुंडाळणं. मग एक चालू संगणक घरी न्यायचा. दुसरी ‘बिल्ड’. शिकत शिकत पाच संगणक संस्थेसाठी जोडायचे, सहावा आपला.

मला ही दुसरी योजना फार हुशारीची वाटते. पहिला संगणक जोडताना माणूस बिचकत असतो, रॅम उलटी बसवायला बघतो, स्क्रू हरवतो. पाचव्यापर्यंत हात बसतो. सहावा स्वतःचाच म्हटल्यावर तो निगुतीनं जोडला जाणार, हे काय सांगायला हवं? आणि पुढे कधी घरी बिघडला, तर मालकाला तो उघडायची भीती वाटत नाही. आयतं मिळालेलं यंत्र बंद पडलं की कोपऱ्यात जातं. स्वतः जोडलेलं यंत्र बंद पडलं की टेबलावर येतं.

*

हिशोब करून पाहिला. २००१ साली ओरेगनमध्ये किमान वेतन ताशी साडेसहा डॉलर होतं. चोवीस तासांचे १५६ डॉलर झाले. म्हणजे ‘फुकट’ संगणक तसा फुकट नव्हताच. टीका करायची तर इथे जागा आहे. पण ज्याच्या हाताशी वेळ आहे आणि खिशात १५६ डॉलर नाहीत, त्याला कुठलंही दुकान श्रमाच्या बदल्यात संगणक देत नाही, आणि आतलं दाखवत तर त्याहून नाही. शिवाय घेणाऱ्याची मान वर राहते. आपल्याकडे वस्तूवाटपाच्या कार्यक्रमात व्यासपीठावर रांगेने उभ्या केलेल्या मुलांचे चेहरे ज्यांनी पाहिले असतील, त्यांना याचं मोल कळेल.

*

सुरुवातीची बरीच वर्षं संस्थेचा कारभार एकमताने चालायचा. साहेब कोणी नाही. सगळ्यांनी बसून ठरवायचं. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगच्या विषयावर जे तीन तास बसले आहेत, त्यांना या पद्धतीबद्दल आदर आणि धास्ती दोन्ही वाटेल. पुढे संस्थेने कार्यकारी संचालक नेमला. मला त्यात काही वावगं दिसत नाही. भंगाराचा ट्रक ठराव मंजूर होईपर्यंत दारात थांबत नसतो.

*

संगणक आत आला की पहिला प्रश्न त्याच्या वयाचा. फारच जुना असेल तर थेट खोलायच्या टेबलावर. जरा अलीकडचा असेल तर झाकण काढून आतली धूळ उडवायची आणि एकेक भाग वेगळा तपासायचा. रॅमसाठी ‘मेमटेस्ट’ नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे, तो कधी कधी रात्रभर चालवत ठेवावा लागतो. कारण खराब रॅम पहिल्या फेरीत पकडली जाईलच असं नाही. हार्डडिस्क आधी पुसायची, मग तपासायची. पॉवर सप्लायचे व्होल्टेज मोजायचे. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी उतरलेली असते म्हणून संगणक तारीख विसरतो. लोक त्याला मेलेला समजून देऊन टाकतात, आणि इथे वीस-तीस रुपयांच्या किमतीच्या त्या बॅटरीने तो पुन्हा चालू होतो.

उष्णतेची भानगड तशीच. प्रोसेसर आणि त्यावरचा पंखा यांच्यामधली पेस्ट काही वर्षांनी सुकते. मग संगणक तापतो, मंद होतो, मधेच बंद पडतो. जुनी पेस्ट पुसायची, वाटाण्याएवढी नवी लावायची. झालं काम. नवशिक्यांना हे काम देतात, कारण यात लगेच फरक दिसतो.

तीन बंद संगणकांतून एक चालू उभा राहतो, असं या धंद्यातलं साधारण गणित. उरलेल्या सांगाड्यांचे ढीग धातूप्रमाणे लागतात: पत्रा एकीकडे, ॲल्युमिनियमच्या जाळ्या एकीकडे, तांब्याच्या वायरी एकीकडे, आणि सोन्याचा मुलामा असलेली सर्किट बोर्डं सगळ्यांत जपून, कारण भंगारात खरा भाव त्यांनाच.

*

फुगलेले कपॅसिटर.

१९९९ नंतरच्या सात-आठ वर्षांत बनलेल्या अनेक मदरबोर्डांवर सदोष कपॅसिटर बसले होते. आतलं रसायन वायू सोडायचं, डोक्यावरचं सपाट झाकण फुगून वर यायचं, कधी तपकिरी रस बाहेर. डेलच्या ऑप्टिप्लेक्स मालिकेतले काही संगणक यात इतके सापडले, की कंपनीला २००५ मध्ये ३० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. त्या काळात ज्यांनी जुने संगणक दुरुस्त केले, ते झाकण उघडल्या उघडल्या आधी कपॅसिटरांच्या डोक्यांकडे बघायचे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा कारागीरही बघायचा आणि पोर्टलंडमधला निवृत्त इंजिनिअरही.

भाग किरकोळ किमतीचा. तो बदलायला मात्र डाग द्यायचा हात हवा, आणि दहा-बारा कपॅसिटर बदलायला तास-दीड तास जातो. इथे संस्थेपुढे खरा पेच येतो. पगारी माणसाकडून करून घेतलं तर परवडत नाही. शिकणाऱ्याकडून करून घेतलं तर परवडतं. धर्मादाय संस्थेला जे जमतं आणि कंपनीला जमत नाही, त्याचं सगळं रहस्य एवढंच आहे.

*

माहितीची भीती. लोक संगणक देत नाहीत, माळ्यावर टाकतात, त्यामागे हेच कारण असतं: आत फोटो आहेत, बँकेचे कागद आहेत.

भीती अगदीच खोटी नाही. एमआयटीतले सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलाट यांनी २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी ठिकठिकाणांहून १५८ जुन्या हार्डडिस्क विकत घेतल्या. त्यांतल्या नीट पुसलेल्या अवघ्या १२ निघाल्या. बाकीच्यांमध्ये पाच हजारांहून जास्त क्रेडिट कार्ड नंबर होते, खासगी पत्रं होती, आणि एक डिस्क तर एटीएम यंत्रातली होती.

पण यावर लोक करतात काय, तर हातोडा आणतात. ड्रिलने भोकं पाडतात. याची गरज नसते. फिरत्या चकतीच्या हार्डडिस्कवर सगळ्या जागेत एकदा नवं काही लिहिलं, की जुनं परत मिळत नाही. अमेरिकेची मानकं ठरवणारी ‘निस्ट’ ही सरकारी संस्थाही तेच सांगते. एसएसडीला वेगळी आज्ञा द्यावी लागते, ती तिच्या आतच असते. चांगल्या संस्था हे काम लेखी पद्धतीने करतात आणि मागितलं तर दाखला देतात. हातोड्याने फक्त एक चालू डिस्क मरते.

*

आता वजनाची गोष्ट.

संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठातल्या एरिक विल्यम्स यांनी एक डेस्कटॉप संगणक आणि १७ इंची काचेचा मॉनिटर बनवायला काय काय लागतं, याचा हिशोब मांडला. २००४ च्या सुमारास तो गाजला. किमान २४० किलो इंधन, २२ किलो रसायनं, १,५०० किलो पाणी. एकूण पावणेदोन टनांच्या वर. घरात येतो तो संगणक वीस-पंचवीस किलोचा. मोटार किंवा फ्रीज बनवायला त्यांच्या वजनाच्या एक-दोन पट इंधन जळतं, संगणकाला दहा पट.

यातून निघणारा निष्कर्ष मात्र लोकांच्या गळी उतरत नाही. संगणकाचा पर्यावरणावरचा बहुतेक भार तो पहिल्यांदा सुरू होण्याच्या आधीच पडून गेलेला असतो. आजच्या लॅपटॉपलाही हे लागू आहे. त्याच्या नावावरचा मोठा कार्बन कारखान्यात जमा होतो, घरच्या विजेच्या बिलात नाही. मग तो फोडून वितळवला तर परत काय मिळतं? तांबं मिळतं, थोडं सोनं मिळतं. चिप घडवताना जळलेलं इंधन मिळत नाही. म्हणून रिसायकलिंग हा शब्द ऐकून ज्यांना बरं वाटतं, त्यांच्याशी माझं थोडं भांडण आहे. संगणक आणखी चार वर्षं वापरात राहिला तर जी बचत होते, तिच्यापुढे त्याचं शास्त्रशुद्ध रिसायकलिंग फिकं आहे. ते करायचंच, पण सगळ्यात शेवटी.

जगभरात २०२२ मध्ये ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. त्यातला रीतसर गोळा होऊन प्रक्रियेला गेल्याची नोंद असलेला २२.३ टक्के.

*

काचेचे मॉनिटर ही त्या काळातली डोकेदुखी. एकेकाच्या पिक्चर ट्यूबमध्ये दोन-तीन किलो शिसं असायचं, किरणोत्सर्ग अडवण्यासाठी काचेत मिसळलेलं. विकत घ्यायला कोणी नाही, फोडायला खर्च. त्यामुळे मॉनिटर आणून देणाऱ्याकडून संस्थेला थोडे पैसे मागावे लागायचे, आणि दान द्यायला येऊन वर पैसे भरायचे म्हटल्यावर माणसं चिडायची. जानेवारी २००९ पासून ओरेगन राज्यात कायदाच लागू झाला: मॉनिटर, संगणक, टीव्ही नागरिकांकडून फुकट घ्यायचे, खर्च उत्पादकांनी उचलायचा. वर्षभराने ते कचरा डेपोत टाकायलाच बंदी आली. अमेरिकेत देशभराचा असा कायदा अजून नाही, राज्याराज्याचं वेगळं.

*

अशा संस्था संगणकात लिनक्स ही फुकट मिळणारी कार्यप्रणाली घालतात. फ्री गीकने तिच्यातलं उबुंटू वापरलं, पुढे लिनक्स मिंट. तत्त्वाचा भाग आहेच, पण आधी व्यवहार. विंडोजचा परवाना यंत्राला चिकटलेला असतो आणि दान आलेल्या यंत्रासोबत तो पुन्हा बसवायची डिस्क क्वचितच येते. प्रत्येक जुन्या खोक्यासाठी नवा परवाना घ्यायचा तर खोक्यापेक्षा परवाना महाग. मायक्रोसॉफ्टने पुढे नोंदणीकृत दुरुस्ती करणाऱ्यांसाठी स्वस्त परवाने काढले, तेव्हा काही संस्था तिकडे वळल्या. आणि लिनक्सचं दुसरं सुख असं, की दहा वर्षांच्या यंत्रावरही ते धापा टाकत नाही.

*

एरिक लुंडग्रेनची केस वाचावी अशी आहे. कॅलिफोर्नियातला हा ई-कचऱ्याचा उद्योजक. त्याने डेल संगणकांवर विंडोज पुन्हा चढवण्याच्या २८,००० डिस्क चीनमध्ये करून घेतल्या, दुरुस्तीवाल्यांना विकण्यासाठी. अशी डिस्क संगणकासोबत फुकट मिळायची. परवाना नसेल तर ती कामाची नाही. पण त्याने डिस्कवर कंपन्यांची नावंही हुबेहूब छापली, आणि तिथे तो चुकला. कोर्टाने प्रत्येक डिस्कची किंमत २५ डॉलर धरली, एकूण सात लाख. पंधरा महिन्यांची कैद, ५०,००० डॉलर दंड. एप्रिल २०१८ मध्ये अपील फेटाळलं गेलं.

नक्कल छापणं गुन्हाच, त्यावर वाद नाही. पण परवाना विकत घेऊन झालेल्या यंत्रावर तोच प्रोग्रॅम परत घालण्याच्या सोयीची किंमत पंचवीस डॉलर कशी, हे मला अजून उमगलेलं नाही.

*

ऑस्टिन, टेक्सस. केन स्टार्क्स नावाचे गृहस्थ गरीब घरांतल्या मुलांना लिनक्स घातलेले संगणक द्यायचे. आधी ‘हेलिऑस प्रोजेक्ट’, पुढे ‘रीग्लू’. डिसेंबर २००८ मध्ये त्यांना एका शिक्षिकेचं खरमरीत पत्र आलं. वर्गात एक मुलगा आपल्या लॅपटॉपवर लिनक्स दाखवत होता आणि मित्रांना सीडी वाटत होता. बाईंनी सीड्या जप्त केल्या. कुठलंही सॉफ्टवेअर फुकट नसतं, मुलांच्या डोक्यात असलं काही भरवू नका, असा त्यांचा सूर होता. स्टार्क्सनी पत्र बाईंचं नाव न घालता जाहीर केलं, जगभरातून गदारोळ झाला, आणि पुढे दोघांचं बोलणंही झालं.

बाईंना हसणं सोपं आहे. पण त्यांचा संशय तसा संसारी माणसाचा आहे. फुकट म्हटलं की यात कुठेतरी पाणी मुरतंय, असं आपल्याही आयांनी शिकवलेलं आहे. रीग्लूला २०१५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा समाजोपयोगी प्रकल्पाचा पुरस्कार मिळाला.

*

एक मराठी धागा, सहज सापडलेला. अशा संगणकावर उबुंटू चढवलं आणि मराठी पान उघडलं, की अक्षरं दिसतात. चौकटी दिसत नाहीत. त्यासोबत येणारा ‘लोहित’ हा फॉन्ट रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये मुक्त परवान्याने दिला आणि तिच्या पुण्यातल्या इंजिनिअरांनी तो वर्षानुवर्षं सांभाळला. पोर्टलंडच्या पश्चिमेला हिल्सबोरोत इंटेलचे प्रचंड कारखाने आहेत, त्या भागात मराठी घरं पुष्कळ. नवीन चिप तिकडे जन्मते आणि पाऊण तासावर जुनीची पेस्ट पुसली जाते.

*

दान म्हणून कचरा खपवणं हा जुना उद्योग आहे. सिएटलच्या ‘बाझल ॲक्शन नेटवर्क’ या संस्थेने २००२ मध्ये चीनमधल्या ग्वीयू गावाचं चित्रीकरण दाखवलं: अमेरिकेतले संगणक, उघड्यावर जाळलेल्या वायरी, ॲसिडात बुडवलेली बोर्डं. २००५ मध्ये त्याच लोकांनी नायजेरियातल्या लागोस बंदरावर लक्ष वेधलं. महिन्याला पाचशे कंटेनर येतात आणि त्यांतला तीन-चतुर्थांश माल निकामी असतो, असा त्यांचा अंदाज होता.

यावर दुसरी बाजूही आली. घातक कचरा एका देशातून दुसऱ्या देशात नेण्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या बाझल कराराच्या सचिवालयाने २०१२ च्या सुमारास पश्चिम आफ्रिकेचा अभ्यास प्रसिद्ध केला. घानात आलेल्या सेकंडहँड मालातला सुमारे तीस टक्के बंद होता, आणि त्यातलाही साधारण निम्मा तिथल्या कारागिरांनी दुरुस्त करून विकला. म्हणजे सत्य पंचाहत्तर आणि तीस टक्के यांच्या मधे कुठेतरी, देशागणिक वेगळं. मला घानातल्या कारागिरांबद्दलचं वाक्य महत्त्वाचं वाटतं. पहिल्या अहवालात ते नुसते बळी होते, दुसऱ्यात ते तज्ज्ञ आहेत.

तरी पाळत हवीच. याच सिएटलच्या संस्थेने एमआयटीच्या मदतीने सुमारे दोनशे जुन्या उपकरणांत जागा कळवणारी यंत्रं लपवून ती अमेरिकेत ठिकठिकाणी दान केली किंवा रिसायकलिंगला दिली. जवळपास एक तृतीयांश देशाबाहेर गेली, बरीचशी हाँगकाँगला. सिएटलमधल्याच एका मोठ्या रिसायकलिंग कंपनीच्या दोन मालकांना २०१९ मध्ये २८ महिन्यांची कैद झाली. पारा असलेले सपाट मॉनिटर ते गुपचूप तिकडे पाठवत होते आणि इथे सुरक्षित विल्हेवाटीची बिलं लावत होते.

अमेरिकेने बाझल करारावर सही केली आहे, पण तो मंजूर केलेला नाही.

*

अलीकडे संगणक बिघडून मरत नाहीत. त्यांना कुलूप लागलेलं असतं.

२०१८ पासूनचे बरेच ॲपल संगणक मालकाच्या खात्याला बांधलेले असतात. देणारा खात्यातून बाहेर पडायला विसरला, की चकाचक चालू यंत्र संस्थेच्या टेबलावर नुसतं पासवर्ड मागत बसतं. त्याच्या नशिबी फोडणं. शाळांची क्रोमबुक तशीच: शाळेने आपल्या यादीतून नाव काढलं नाही तर ती दुसऱ्या कोणाची होत नाहीत. शिवाय त्यांना अपडेट मिळण्याची मुदत आधीच ठरलेली असते. २०२३ मध्ये ओरड झाल्यावर गुगलने ती मुदत दहा वर्षांवर नेली.

रॅम बोर्डालाच डागलेली, बॅटरी डिंकाने चिकटवलेली. ‘बिल्ड’च्या टेबलावर नवशिक्याला द्यायला त्यात सुटं काही राहिलेलंच नाही.

आणि विंडोज १०. त्याचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नव्या आवृत्तीला ठरावीक प्रोसेसर आणि सुरक्षा चिप लागते, त्यामुळे सुमारे २४ कोटी संगणक मोडीत निघू शकतात, असा अंदाज कॅनालिस या संस्थेने दिला होता. हे संगणक खराब नाहीत. त्यांतले बरेच माझ्या टेबलावरच्या यंत्रापेक्षा वेगवान असतील. त्यांच्यावर लिनक्स बसतं आणि उत्तम चालतं.

ओरेगनने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. सुटे भाग सॉफ्टवेअरने मूळ यंत्राशीच जखडून ठेवायला मनाई करणारं हे अमेरिकेतलं पहिलं राज्य.

*

आपल्याकडे दुरुस्तीची वानवा कधीच नव्हती. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, गेली कित्येक वर्षं जुन्या ऑप्टिप्लेक्स आणि थिंकपॅडवर चालतो. कंपन्यांनी भाड्याने घेतलेले संगणक मुदत संपली की इथे येतात, पुसले जातात, एसएसडी चढते आणि कॉलेजच्या पोरांना परवडतील अशा भावात जातात. धर्मादाय नाव नाही, पण वापराची वर्षं वाढवण्याचं तेच काम. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे. तिच्यातून उभी राहिलेली कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था दारोदार जाते आणि तिने ई-कचरा वेगळा गोळा करण्याच्या मोहिमाही चालवल्या आहेत.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणीचे चार प्रकार आहेत: मॅन्युफॅक्चरर, प्रोड्युसर, रिफर्बिशर, रिसायकलर. दुरुस्त करणाऱ्याला कायद्यात स्वतंत्र जागा मिळाली, हे चांगलं झालं. गल्लीतल्या एका टेबलाच्या दुकानदाराला ती नोंदणी कितपत पेलेल, हा प्रश्न उरतोच.

आपल्याकडे नाही ते एकच: वापरणाऱ्याला आत हात घालू देणारं टेबल. शाळेला दहा संगणक भेट मिळतात, हार-तुरे होतात, फोटो निघतो. दोन पावसाळ्यांनी पॉवर सप्लाय जातो आणि खोलीला टाळं लागतं. त्या शाळेतल्या आठवीच्या मुलांनी ते दहा संगणक स्वतः जोडले असते तर? प्रयोग करायला खर्च फारसा नाही. स्क्रू ड्रायव्हर, ब्रश, पेस्टची एक नळी, आणि शनिवारी दोन तास देणारा एक निवृत्त इंजिनिअर. यांतलं दुर्मीळ काहीच नाही, इंजिनिअर तर मुळीच नाही.

*

लोक काय काय देतात, हा स्वतंत्र विषय आहे. चार्जर नसलेला लॅपटॉप. लॅपटॉप नसलेला चार्जर. फुटका स्कॅनर. शाई वाळलेले प्रिंटर, ज्यांची शाई नव्या प्रिंटरहून महाग. देणाऱ्याला पुण्य आणि रिकामा माळा दोन्ही हवं असतं. घेणाऱ्या संस्थेच्या वाट्याला फेकायचा खर्च येतो. नाही म्हणायला शिकलेली संस्थाच टिकते.

खरा चांगला माल येतच नाही असं नव्हे, तो उशिरा येतो. तीन-चार वर्षांचा लॅपटॉप बदलला जातो, तेव्हा त्यात पाच वर्षांचं आयुष्य शिल्लक असतं. ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून तो कपाटात जातो. लागत नाही. पाच वर्षांनी दिवाळीच्या साफसफाईत तो सापडतो आणि मग आपल्याला दानाची आठवण होते. तोवर बॅटरी फुगलेली, पासवर्ड विसरलेला, चार्जर गायब.

तेव्हा एक विनंती. नवा घेतलात त्याच आठवड्यात जुन्यातलं हवं ते उतरवून घ्या, सगळ्या खात्यांतून बाहेर पडा, डिस्क पुसा किंवा पुसून घ्या, आणि चार्जर त्याच पिशवीत घालून तो देऊन टाका. ओळखीच्या मुलाला द्या, शाळेला द्या, नोंदणी असलेल्या संस्थेला द्या, नाहीतर सेकंडहँडवाल्याला वाजवी भावात विका. कोणाला दिला याने फार बिघडत नाही. कधी दिला याने बिघडतं.